बॅकटेस्टची हिरवी रेघ छापण्याआधी जरा विचारा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली रविवारी अल्गो ट्रेडिंगच्या (म्हणजे ठरवलेल्या नियमांनी कॉम्प्युटरनेच सौदे करायच्या) क्लासच्या जाहिराती येतात, विजयनगर नाहीतर भंवरकुआं साइडचा पत्ता, खाली व्हॉट्सॲप नंबर आणि मधोमध एक वरवर चढत गेलेली हिरवी रेघ, "पाच वर्षांचा बॅकटेस्ट, महिन्याला ४ टक्के". बॅकटेस्ट म्हणजे आपला नियम जुन्या भावांवर चालवून किती कमावलं असतं ते काढणं. त्या रेघेबद्दल लिहायचं आहे. मी शेअर बाजाराची कोणी गुरू-बिरू नाही, इथे इंदूरला लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचं काम करते, पण एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे, करणाऱ्या मुलांची खाती माझ्याकडे येतात. तो धंद्याचा इन्कम धरला जातो आणि तोटा पुढच्या ८ वर्षांपर्यंत ओढायचा असेल तर रिटर्न वेळेत भरावाच लागतो, त्यामुळे माझ्या टेबलावर तोटेवालेच जास्त येतात हे धरून पुढचं वाचा.

तर होतं असं की पोरगा येतो तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी असतात. मोबाईलवर बॅकटेस्टचा ग्राफ, जो तो न विचारता दाखवतो, आणि ब्रोकरचं प्रॉफिट-लॉस स्टेटमेंट, जे मागून घ्यावं लागतं. स्ट्रॅटेजी तीच, वेळ तीच, इंडेक्स तोच, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो खोटं बोलत नसतो हो, सॉफ्टवेअरही खोटं बोलत नसतं. मग पैसे जातात कुठे?

सगळ्यात चालणारी स्ट्रॅटेजी घ्या, नऊ-वीसचा स्ट्रॅडल. बाजार सव्वानऊला उघडला की पाच मिनिटं थांबायचं, ९:२० ला ॲट द मनी, म्हणजे इंडेक्सच्या चालू भावाजवळचे, कॉल (इंडेक्स वर गेला तर महागणारा ऑप्शन) आणि पुट (खाली गेला तर महागणारा) दोन्ही विकायचे, दोघांना २५-३० टक्क्यांचा स्टॉपलॉस (भाव तेवढा वर गेला की तोटा घेऊन बाहेर) लावायचा आणि दुपारी तीनच्या सुमारास सगळं कापून घरी जायचं. आता निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, ७५ चा धरा, कॉल १०० ला विकला, पुट १०० ला विकला. ऑर्डर होतात ४, प्रत्येकी २० रुपये ब्रोकरेज म्हणजे ८०, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ९४. विकलेल्या ऑप्शनच्या किमतीवर, म्हणजे प्रीमियमवर, एसटीटी हा सरकारी कर, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला, तोच दर धरला तर १५ हजारांवर १५ रुपये. एक्सचेंजचे चार्ज, स्टॅम्प ड्युटी वगैरे मिळून दहा-बारा. इथवर एकशेवीस झाले, आणि इथवरचा हिशोब बरेच लोक करतात सुद्धा. जे कोणी धरत नाही ते स्लिपेज. स्क्रीनवर १०० दिसतो, हातात साडेनव्याण्णव पडतो, घ्यायला गेलं की अर्धा रुपया वरच द्यावा लागतो. चार ऑर्डरवर अर्धा-अर्धा रुपया म्हणजे २ पॉइंट, गुणिले ७५, दीडशे रुपये. सगळे मिळून २७० रुपये एका दिवसाचे, एका लॉटचे, आणि बाजाराचे दिवस वर्षाला अडीचशेच्या आसपास, म्हणजे ६५ हजारांच्या वर. या पोझिशनला मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे अडकवायची रक्कम, लागतं साधारण दोन-अडीच लाख. पाव भांडवल निव्वळ येण्या-जाण्यात! जाहिरातीतल्या त्या ४ टक्क्यांतले दोनाहून जास्त टक्के इथेच गेले, आणि अजून एकही वाईट दिवस आलेला नाही.

वाईट दिवस येतो तेव्हा अर्धा रुपया कुठला, दहा-दहा रुपये सरकतं. बॅकटेस्ट एक-एक मिनिटाच्या कॅन्डलवर (त्या मिनिटातल्या भावांच्या नोंदीवर) चालतो आणि समजतो की १३० चा स्टॉपलॉस म्हणजे १३० लाच सुटका झाली. खरं म्हणजे ९:२० ला हजारो लोकांनी तेच विकलेलं असतं आणि तिथेच जवळपास स्टॉपलॉस लावलेला असतो, एकदा तो भाव आला की सगळेच घ्यायला धावतात, विकणारा कोणी नसतो. त्यात एनएसईने २०२१ मध्ये ऑप्शनसाठी मार्केट भावाचा स्टॉपलॉस, ज्याला एसएल-एम म्हणतात, तो बंदच केला, कारण फ्रीक ट्रेड व्हायला लागले होते, कुठलाही भाव लागून जात होता. आता स्टॉपलॉसला लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा तो आकडा, द्यावी लागते, आणि भाव लिमिट ओलांडून पुढे गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि तुम्ही बघत बसता. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालांच्या दिवशी निफ्टी एका दिवसात सहा टक्क्यांच्या आसपास पडला, त्याच्या आदल्याच दिवशी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला होता. नाहीतर २४ फेब्रुवारी २०२१ घ्या, सकाळी ११:४० च्या सुमारास एनएसई बंद पडलं ते पावणेचारला परत सुरू झालं. ज्याची पोझिशन उघडी होती त्याला मधले चार तास काय वाटलं असेल ते कॅन्डलमध्ये दिसत नाही, तिथे फक्त रिकामी जागा आहे, आणि सॉफ्टवेअर त्यावरून आरामात उडी मारून पुढे जातं.

याच्याही पुढची गंमत म्हणजे अजून बँक निफ्टीच्या वीकली एक्सपायरीचे (दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या ऑप्शनचे) पाच वर्षांचे ग्राफ फिरताहेत. अहो ती वीकलीच नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली! बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एका एक्सचेंजला एकच वीकली ठेवायला सांगितली, कॉन्ट्रॅक्टची किंमत किमान १५ लाख केली, एक्सपायरीच्या दिवशी विकणाऱ्यांवर जादा २ टक्के मार्जिन लावलं, मग निफ्टीची एक्सपायरी गुरुवारची उठून सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. ज्या बाजारावर टेस्ट केला तो बाजारच राहिला नाही, आणि हे काही क्लासवाल्याला माहीत नसतं असं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण खर्च आणि स्लिपेज कोणी प्रामाणिकपणे धरलं तरी हा मुद्दा उरतोच. तो सुंदर ग्राफ पहिल्या झटक्यात आलेला नसतो. ९:२० ने नाही जमलं तर ९:३५ करून बघितलं, २५ टक्के नाही तर ३२, सोमवार वगळा, बाजार कालच्या भावापासून लांब उघडला (गॅप) तर थांबा, असं रात्रभर करत करत ज्यात रेघ सगळ्यात सरळ दिसली ती ठेवली आणि बाकीच्या डिलीट. संसार चांगला झालेल्या जोडप्याची पत्रिका मागाहून बघायला घेतली की ३६ पैकी ३६ गुण जुळणारच, त्यातलाच हा प्रकार. यावर गणितवाल्यांनी काम केलेलं आहे. बेली, बोरवीन, लोपेझ दे प्राडो आणि झू या चौघांनी २०१४ मध्ये दाखवलं की तुमच्याकडे पाच वर्षांचाच डेटा असेल तर ४५ च्या वर स्वतंत्र पर्याय चाळलेत की काहीही दम नसलेली स्ट्रॅटेजी सुद्धा कागदावर झकास दिसायला लागते. पंचेचाळीस! इथला पोरगा तेवढे एका संध्याकाळी चहा गार व्हायच्या आत करतो. अमेरिकेत क्वांटोपियन नावाची कंपनी होती, तिथे कोणीही बसून अल्गो लिहायचं, त्यांनी २०१६ मध्ये आपल्याच लोकांचे ८८८ अल्गो तपासले, तर बॅकटेस्टमधल्या शार्प रेशोवरून (जोखमीच्या मानाने परतावा किती त्याचं माप) पुढचं काही म्हणजे काहीच सांगता येत नव्हतं, आणि ज्यांनी जास्त वेळा बॅकटेस्ट चालवला त्यांच्यात कागद आणि प्रत्यक्ष यातली दरी जास्त निघाली. ती कंपनी २०२० मध्ये बंद झाली.

शेअरवाल्यांचं थोडं वेगळं आहे, थोडक्यात सांगते. आजच्या निफ्टीतले ५० शेअर घ्यायचे आणि ते २० वर्षांपूर्वी घेतले असते तर काय झालं असतं ते काढायचं. छानच येणार ना, आज जे टिकून मोठे झाले तेच घेतलेत! सत्यम निफ्टीत होता, युनिटेक होता, रिलायन्स कम्युनिकेशन्स होता, येस बँक मार्च २०२० पर्यंत होती. त्या त्या वेळची यादी धरली असती तर हेही तुमच्या पोर्टफोलिओत येऊन गेले असते.

मग बॅकटेस्ट बिनकामाचा का? नाही. माझ्याकडे एक रिटायर्ड गृहस्थ येतात, बँकेत होते, महिन्यातून एकदा शेअर बदलतात, साधा मोमेंटमचा (जे वर चाललेत तेच घ्यायचे) नियम आहे, त्यांनी खर्च दुप्पट धरून टेस्ट केला आणि त्यातून पाचातले चार नियम बाद करून टाकले. मला वाटतं त्याचा खरा उपयोग हाच, काय चालत नाही ते स्वस्तात कळतं. आणि जे चालतं ते सुद्धा कमीच धरायचं. मॅकलीन आणि पोंटिफ यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ९७ प्रसिद्ध नियमांचा हिशोब मांडला होता, अभ्यासाच्या काळाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी आणि तो नियम छापून आल्यावर ५८ टक्क्यांनी कमी. हे प्रोफेसर लोकांचे तपासलेले नियम, व्हॉट्सॲपचे नाहीत. आपल्याकडे म्युच्युअल फंडवाले निफ्टी २०० मोमेंटम ३० या इंडेक्सचे आकडे २००५ पासून दाखवतात, पण इंडेक्स सुरू झाला २०२० मध्ये, म्हणजे आधीची १५ वर्षं बॅकटेस्टच आहे, भले नियम साफ लिहिलेले असोत. दोन काळ वेगळे दाखवा एवढंच म्हणणं आहे.

क्लासवाल्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "मोठे लोक अल्गोनेच कमावतात". खरं आहे. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे, एफ अँड ओमध्ये विदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रॉप डेस्कच्या (स्वतःच्याच पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या फर्मच्या) नफ्यातला ९६ टक्के अल्गोतून आला. पण त्याच अभ्यासात हेही आहे की तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. त्या मोठ्या लोकांचा अल्गो एक्सचेंजच्या सर्व्हरशेजारी बसलेला आणि तुमचा सुदामा नगरच्या वायफायवर, नाव एकच म्हणून धंदा एकच झाला का?

इंदूरला सट्टा काही नवा नाही, सर सेठ हुकुमचंदांच्या काळी कापसाचे सौदे इथून व्हायचे, पुढे सोया तेलाचा वायदा होता. पण टिप्स विकणाऱ्या ॲडव्हायजरी कंपन्यांनी या शहराचं नाव देशभर खराब केलं, सेबीने कितीतरी जणांवर कारवाई केली, आजही बाहेरगावी इंदूरचा फोन म्हटलं की लोक सावध होतात. त्यातलीच काही मंडळी आता "टिप" न म्हणता "बॅकटेस्ट" म्हणताहेत अशी मला शंका आहे, शंकाच, पुरावा नाही.

सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच ब्रोकरांना सांगितलं की अल्गोच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचे दावे करायचे नाहीत, करणाऱ्या प्लॅटफॉर्मशी संबंधही ठेवायचा नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सर्क्युलरमध्ये ज्याचं लॉजिक ग्राहकाला कळत नाही असा ब्लॅक बॉक्स अल्गो देणाऱ्याला रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लावली. जे ब्रोकरला चालत नाही ते रविवारच्या पानावर रंगीत का चालतं हे मला समजलेलं नाही. जाहिरात आपला धंदा आहे, बंद करा असं म्हणत नाही. पण जाहिरात विभागाने क्लासवाल्याला नोंदणी नंबर आणि निदान एका लाइव्ह खात्याच्या वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या) मागाव्यात, आणि त्या नाही आल्या तर ती हिरवी रेघ काढून बाकीची जाहिरात छापावी. अर्थपानावर या क्लासवाल्यांच्या मुलाखती येतात तेव्हाही आपल्या प्रतिनिधीने एवढं विचारलं तरी चालेल की हा ग्राफ ठेवण्याआधी डिलीट किती केले.

आपली,
एक कर सल्लागार, लोकमान्य नगर, इंदूर