आर्थर राजा गात नाही, हे मुलांना आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना ऑपेराची ओळख करून देताना ‘ज्यात सगळे गाऊनच बोलतात ते नाटक’ अशी व्याख्या सर्रास दिली जाते. इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलच्या ‘किंग आर्थर’ला ती लागू पडत नाही. मूल रेकॉर्डिंग ऐकायला बसतं, आर्थर कधी गाणार म्हणून वाट बघतं आणि कंटाळून उठतं. आर्थर गातच नाही!

कवी जॉन ड्रायडनने लिहिलेलं हे नाटक १६९१ साली लंडनमध्ये, थेम्सच्या काठावरच्या डॉर्सेट गार्डन नाट्यगृहात रंगमंचावर आलं. या प्रकाराला सेमी-ऑपेरा म्हणतात. मराठी मुलाला तो समजावणं खरं तर सोपं आहे, कारण आपल्याकडे संगीत नाटक आहे: गद्य संवाद, मधे पदं. फरक एवढाच, की ‘शाकुंतल’पासून आपले नायक-नायिका स्वतः पदं म्हणतात, तर इथे आर्थर, त्याची एमेलिन आणि शत्रू ओस्वाल्ड नुसते बोलतात. गाणी वाट्याला येतात ती देवदेवता, पुजारी, सैनिक, धनगर आणि भुताखेतांच्या. हवेतला फिलिडेल आणि मातीतला ग्रिमबाल्ड हे दोन आत्मे तेवढे बोलतातही आणि गातातही. राजाने बोलता बोलता गाऊ लागावं हे त्या काळच्या इंग्रज प्रेक्षकाला पटत नसे. जादू, पूजा, विजयोत्सव असला की गाणं चाले.

बहुतेक रेकॉर्डिंगमधून संवाद गाळलेले असतात, म्हणजे गोष्टच गळालेली असते. ती आपण गाण्यांच्या मधे दोन-दोन वाक्यांत सांगायची. बेटावरच्या मूळ ब्रिटन लोकांचा राजा आर्थर, बाहेरून आलेल्या सॅक्सन लोकांचा केंटमधला राजा ओस्वाल्ड, दोघांनाही हवी असलेली अंध एमेलिन. आर्थरच्या बाजूला मर्लिन जादूगार, ओस्वाल्डकडे ऑस्मंड. आर्थरच्या दंतकथांतलं गोलमेज, सरदार लान्सलॉट, राणी ग्विनेव्हिअर यांपैकी इथे काहीच नाही, हेही आधीच सांगून टाकावं. नाहीतर मुलं शेवटपर्यंत त्यांनाच शोधत राहतात.

सुरुवात मात्र पहिल्या अंकापासून करू नये. थेट तिसऱ्या अंकातल्या बर्फाच्या प्रवेशावर जावं. ऑस्मंड एमेलिनला प्रेमाची ताकद दाखवायला कांडी आपटतो आणि रंगमंचावर गोठलेला देश उभा राहतो. मदन, म्हणजे क्युपिड, बर्फाखाली झोपलेल्या थंडीच्या देवाला हाक मारून उठवतो. तो उठतो, पण त्याला हुडहुडी भरलेली आहे, धड गाता येत नाही. स्वरलिपीत त्याच्या स्वरांवर नागमोडी रेघ आहे: एकच स्वर, पण थरथरत. खालची व्हायोलिनंही तशीच कापतात. पट्टी मायनर, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल, आणि चाल एकेक अर्धस्वराने सरकत, जणू पाय उचलत नाहीत. १६८३-८४च्या हिवाळ्यात थेम्स नदी गोठली होती. ती आठवण असलेले लोक याच नदीकाठी बसून हे ऐकत होते.

मुलांकडून हे करून घेता येतं. एक सूर धरायला सांगा, चार ठोके टाळीने द्या आणि प्रत्येक ठोक्याला दोन धक्के, ‘ह-ह, ह-ह’, एकाच श्वासात. इथे आपली गाणं शिकणारी मुलं हमखास चुकतात. ती गमक घेतात, म्हणजे सूरच हलवतात. सूर जागेवर ठेवायचा, हलवायचा तो श्वास. दुसरी चूक लयीची. घाई केली की कुडकुडणं जाऊन नुसती गंमत उरते. लय संथच हवी.

दुसऱ्या अंकातला ‘हिदर, धिस वे’ हा तुकडा तर खेळच आहे. अंधारात ग्रिमबाल्ड धनगराचं रूप घेऊन ब्रिटन सैनिकांना दलदलीकडे नेतोय, फिलिडेल त्यांना सावध करतोय, आणि दोघांच्या टोळ्या आळीपाळीने ‘इकडे या’ म्हणून बोलावतायत. वर्गाचे दोन गट समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे केले, की कोरस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

चौथ्या अंकातलं पासाकाग्लिया लहानांना लांब वाटेल. त्यात खालच्या सुरांतली चार बारची (तालाच्या चार मापांची) धून परत परत फिरते आणि वर गाणं बदलत जातं. तबला शिकणाऱ्या मुलाला ‘हा लेहरा समज’ म्हटलं की तो लगेच मान डोलावतो.

राहिला देशभक्तीचा भाग. तिथे आमच्या मते सगळ्यात जास्त गल्लत होते. शेवटच्या अंकात द्वंद्वयुद्धात आर्थर ओस्वाल्डला निःशस्त्र करतो आणि जीवदान देतो. मर्लिन सांगतो, पुढे ब्रिटन आणि सॅक्सन एकच लोक होतील. मग जादूने समुद्रातून बेट वर येतं, त्यावर ब्रिटानिया, म्हणजे देवीच्या रूपातलं ब्रिटन, पायाशी कोळी. सगळ्यांच्या लक्षात राहतं ते प्रेमदेवता व्हीनसचं ‘फेअरेस्ट आइल’, आणि ते राजाचं नव्हे, बेटाचं गाणं आहे. व्हीनस आपलं सायप्रस सोडून इथे राहायला येते. मूळ नाटक ड्रायडनने चार्ल्स दुसरा याच्या काळात लिहिलं; राजा १६८५ला वारला, १६८८च्या क्रांतीने प्रोटेस्टंट सत्ता आली, कॅथलिक ड्रायडनचं राजकवीपद गेलं आणि संहिता बदलावी लागली. मोठ्या मुलांना हे जरूर सांगावं. लहानांना एवढंच पुरे, की आर्थर दंतकथेतला राजा आहे, आणि ज्या इंग्रजीत हे नाटक लिहिलंय ती हरलेल्या सॅक्सनांच्या भाषेतून आलेली आहे.

पहिल्या अंकात हे सॅक्सन वोडेन आणि थोर या देवांची पूजा बांधतात. ते गाणं वाजवून झालं की भिंतीवरचं कॅलेंडर मुलांसमोर धरा आणि वेन्सडे, थर्सडे या नावांत ते दोघे शोधायला सांगा.

आपले,
पाश्चात्त्य संगीताचे दोन शिक्षक, पुणे