विषय : तुमच्या कोल्ड एअर इनटेक किटमुळे इंजिनात पाणी गेलं, भरपाई पाहिजे

कस्टमर केअर, नमस्कार,

इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर असं हे किट म्हापशातल्या तुमच्याच डीलरकडून घेतलं, बसवलंही त्याच्याच माणसानं, बिल सोबत जोडलंय. जुलैत पणजीत ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी भरलेलं. भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले की तिथे पाणी तुंबतं हे गोव्यात कोणाला सांगावं लागत नाही. माझ्यापुढे साध्या गाड्या हळूहळू निघून गेल्या, पाणी बंपरच्या खालच्या कडेलाच होतं, आणि माझी गाडी एक दणका देऊन बंद पडली. परत स्टार्टर मारला नाही, टो करून गॅरेजला नेली. तिथे मेकॅनिकनं प्लग काढून इंजिन फिरवलं तर प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. पिस्टनला जोडलेला एक कनेक्टिंग रॉड वाकलाय. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडकतो आणि मग रॉड जातो, हे तुम्हाला मी शिकवायचं का?

कंपनीनं दिलेल्या फिल्टर बॉक्सचं तोंड वर असतं, बॉनेटच्या कडेला. तुमचा पाइप थंड हवेसाठी फिल्टर थेट बंपरमागे, फॉगलॅम्पच्या बाजूला नेऊन ठेवतो. नुसते शिंतोडे उडून एवढं होत नाही मान्य, पण फिल्टर बुडला की इंजिन स्ट्रॉसारखं पाणी ओढतं. हे बॉक्सवर नाही, फिटिंगच्या कागदावर नाही. त्यावर हॉर्सपॉवर मात्र मोठ्या अक्षरात.

फोनवर तुमच्या माणसानं सांगितलं, बायपास व्हॉल्व (फिल्टर बुडला तर वरून हवा घेऊ देणारी झडप) घ्यायचा होता सर. अहो माझं इंजिन टर्बो आहे! तसले व्हॉल्व टर्बोला चालत नाहीत, आणि गाडीचं मॉडेल तर ऑर्डर घेतानाच तुम्ही लिहून घेतलेलं. मग पावसाळी प्रदेशात हे किट विकताना फिल्टर वर ठेवणारा छोटा पाइप का नाही सुचवला? इन्शुरन्सवाले तर आधीच हात वर करून बसलेत, म्हणतात मॉडिफिकेशन कळवलं नव्हतं आणि पॉलिसीत इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान भरणारं इंजिन प्रोटेक्ट कव्हरही नाही. डीलर म्हणालेला, पाइपच तर आहे, कळवायची गरज नाही.

किटचे पैसे परत द्या, इंजिनच्या कामाचं बिल भरा, आणि बॉक्सवर पाण्याची सूचना मराठी-कोंकणीतही छापा, इथे विकताय तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पुरेशी सूचना न देणं हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी धरलीय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. वाकलेला रॉड आणि चिखलानं माखलेला तुमचा फिल्टर मी जपून ठेवलाय, बघायला माणूस पाठवायचा तर आधी फोन करून पाठवा.

तुमचा एक ग्राहक, पर्वरी