काका, बाबांची गाडी चालायला लागली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन ठेवून देता. शिवाय तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाला तरी हवं असेल. माळ्यावर जुनी रिमोटची गाडी आहे, चाकं गेलीत, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडा गेलाय आणि विचारायला कुणी नाही, अशी घरं आपल्याकडे कमी नसतील. दुबई-मस्कतहून आलेल्या बॅगांतून अशा गाड्या ऐंशीच्या दशकात कितीतरी घरांत उतरल्या.

आमच्या घरी ती १९८६ साली आली. बाबा दुबईला इलेक्ट्रिशियन होते. सुट्टीवर येताना त्यांनी टामिया या जपानी कंपनीची 'ग्रासहॉपर' नावाची रिमोटची गाडी आणली. ती तयार नव्हती, सुट्या भागांच्या खोक्यात आली होती. बाबांनी आणि दादाने ती सात-आठ रात्री बसून जोडली आणि मी पत्र्याच्या डब्यातून स्क्रू काढून देत होते. त्या स्क्रूंचा थंडगार स्पर्श अजून बोटांना आठवतो. बाबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माळा आवरताना गाडी सापडली. मागची दोन्ही टायरं दगडासारखी कडक, पुढच्या एकाला बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशनने चिकटवलेला, दुसऱ्या पुढच्या चाकाचं रिम फुटलेलं.

तुमची माझी गाठ पडली ती पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी. एका खेळण्यांच्या ढिगापाशी उकिडवी बसून मी एका टायरचा घेर सुतळीने मोजत होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "घेर नका मोजू. रिमवर टायरची कडा जिथे बसते तिथला व्यास मोजा. आणि सुतळीने नाही." मग खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, काढलात. जुन्या बाजारात खिशात व्हर्नियर घेऊन फिरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या खिशात दुसरं काय असणार, हे नंतर कळलं.

त्याआधी काय घोळ झाला होता तो तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. 'एकास दहा मापाच्या सर्व गाड्यांना बसतात' असं वाचून मी चार चाकं मागवली होती. दिसायला देखणी होती. पण मागच्या आसावर ती चढेचनात, आणि पुढे चढवली तर डगमगायची. विकणाऱ्याने परतही घेतली नाहीत. ती चाकं तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तुम्ही जे वाक्य बोललात ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "एकास दहा हे गाडीचं माप आहे, चाकाचं नाही." खरी गाडी दहा पट लहान केली एवढंच त्यातून कळतं. आस किती जाड, चाक आसाला कसं धरलंय, रिम किती रुंद, यातलं काहीच कळत नाही.

हल्लीच्या बहुतेक एकास दहा गाड्यांच्या आसावर १२ मिलिमीटरचा हेक्स असतो, म्हणजे सहा कोनांचा ठोकळा, आणि चाकाच्या पाठीला तसाच सहा कोनांचा खळगा. ग्रासहॉपरच्या काळात ही एकवाक्यता नव्हती. आजचं चाक तिला सरळ बसत नाही, मध्ये जोडतुकडा घालावा लागतो. मी लगेच म्हटलं, मग जोडतुकडे मागवूया. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही गाडी उलटी करून मागचं चाक दोन बोटांत धरलंत आणि बाहेर ओढून दाखवलंत. जोडतुकड्याने चाक जितकं बाहेर जाईल तितका आसावर आणि गिअरबॉक्सच्या आधारावर ताण वाढेल. या गाडीत मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे सगळं एकच गाठोडं आहे, खड्डा आला की ते अख्खं वर-खाली होतं. त्यातून आलेला प्रत्येक धक्का शेवटी प्लास्टिकच्या चासीत जातो. "आणि चासीला आधीच तडा आहे," एवढंच तुम्ही म्हणालात. मी गप्प झाले.

दुसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. मागवलेली मागची टायरं जुन्या टायरांपेक्षा बरीच उंच होती. मला वाटलं, उंच टायर म्हणजे गाडी दगडांवरून मस्त जाईल. तुम्ही विचारलंत, मोटर कुठली? मी दाखवली. लहान, ३८० या आकाराची. ग्रासहॉपरच्याच जोडीची 'हॉर्नेट' ही गाडी तिच्याच वर्षी, १९८४ साली बाजारात आली, तिला मोठी ५४० ची मोटर होती. चाक मोठं केलं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे मोटरवर तेवढा भार वाढतो. सायकलला चढावर जड गिअर टाकल्यासारखं. ३८० ची मोटर अशाने तापते आणि लवकर मरते. म्हणून टायरचा बाहेरचा व्यासही मूळ टायराएवढाच हवा. कडक झालेलं मूळ टायर मी फेकणार होते, त्यावरूनच तुम्ही ते माप काढलंत. झिजलेला भाग सोडून, जिथे टायरवरचे उंचवटे शाबूत होते तिथे दोन बाजूंनी धरून. मग म्हणालात, "हे फेकू नका. हा तुमचा नकाशा आहे."

पुढच्या चाकांची डगमग मात्र आसाची नव्हती, आतल्या बुशची, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या कड्याची होती. प्लास्टिकचे बुश झिजून अंडाकृती झाले होते. त्या जागी बेअरिंग घालता येतं हे तुम्ही सांगितलंत आणि टामियाचे बेअरिंगचे आकडे वाचायलाही शिकवलंत: ११५० म्हणजे बाहेरून ११, आतून ५ मिलिमीटर. हे कळल्यावर बेअरिंग कुठेही मिळतं, नावाच्या मागे लागावं लागत नाही. बुधवार पेठेत तासाभरात मिळाली. चार बेअरिंगनी त्या गाडीत इतका जीव येईल असं वाटलं नव्हतं. चाक बोटाने फिरवलं तर फिरतच राहिलं. मी ते किती वेळ बघत बसले होते!

आता स्क्रूंबद्दल, कारण तिथे मी तुमच्याशी वाद घातला होता. गाडी खोलताना माझा स्क्रू-ड्रायव्हर घसरत होता आणि दोन डोकी मी चक्क गोल करून ठेवली. मी म्हटलं, स्क्रू गंजलेत. तुम्ही म्हणालात, नाही, ड्रायव्हर चुकीचा आहे. जपानी स्क्रूची फुली दिसते तशीच, पण तिचा घाट वेगळा. आपला नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर, फिलिप्स, तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि कडा खातो. मग तुम्ही कापडात गुंडाळलेला तुमचा जपानी ड्रायव्हर काढलात. टोक फुलीत ठेवलंत, हात काढलात, आणि ड्रायव्हर तसाच आडवा त्या स्क्रूत अडकून राहिला. वाद तिथेच संपला. परत स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवायचा, 'टक्' झालं की जुन्या आट्यांत बसला समजायचं, मगच सुलटा आवळायचा, हे तुम्ही पाच वेळा करून घेतलंत. नाहीतर प्लास्टिकमध्ये दर वेळी नवे आटे पडतात आणि शेवटी काहीच धरत नाही.

चासीवर मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

माझ्या मनाने नवी चासी घ्यायचं ठरलं होतं. ते शक्यही होतं. टामियाने हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली, दोघींचा सांगाडा एकाच घडणीचा आहे, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. हे तुम्हीच सांगितलंत. पण तुम्ही चासी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरलीत आणि तिच्या पोटावर तुम्हाला ते दिसलं. बॅटरीच्या दाराशेजारी सुईने कोरलेलं, बाबांचं नाव, दादाचं नाव, माझं नाव आणि तारीख. चाळीस वर्षांची माती त्यात बसलेली म्हणून मला कधी दिसलंच नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत. टूथब्रशने हळूहळू माती काढलीत आणि चासी माझ्या हातात दिलीत. मग म्हणालात, "ही बदलायची नाही. ही सांधू."

ती सांधणी मी जन्मभर विसरणार नाही. चासी एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची आहे, आणि एबीएस ॲसिटोन या द्रावकात विरघळतं. म्हणून साधा गोंद लावायचा नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकचा लगदा करून भरायचा. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिचे उरलेले दांडे बाबांनी का कोण जाणे जपून ठेवले होते. त्यांचे बारीक तुकडे तुम्ही काचेच्या बाटलीत टाकलेत, बुडतील एवढं ॲसिटोन घातलंत, झाकण घट्ट लावलंत. दुसऱ्या दिवशी आत चक्क्यासारखा दाट लगदा तयार होता. त्याआधी तड्याच्या अगदी टोकाला तुम्ही एक मिलिमीटरचं भोक पाडलंत. मी घाबरले, फुटलेल्या वस्तूला आणखी भोक कशाला? तुम्ही म्हणालात, तडा नेहमी त्याच्या टोकातून पुढे पळतो, टोक गोल केलं की त्याला पळायला वाट राहत नाही. मग व्ही आकाराची खाच, त्यात लगदा, आतून एबीएसची पट्टी. खिडक्या उघड्या, गॅस बंद, हे तुम्ही दोनदा तपासलंत. आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही. मी चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा तुम्ही "अजून तीन दिवस" म्हणून फोन ठेवलात. सांधा आता हाताने वाकवून बघितला तरी हूं की चूं करत नाही. नावं जिथल्या तिथे आहेत.

चाकांचं शेवटी सोपं निघालं, पण मापं हातात असल्यामुळे सोपं निघालं. नव्या आवृत्तीच्या ग्रासहॉपरची चाकं आणि टायरं आपल्या मापांशी ताडून पाहिली: कडेचा व्यास, रिमची रुंदी, बाहेरचा व्यास, आसावरची पकड. तुमच्या वहीतल्या चारही आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. तुमच्या भाच्याने सिंगापूरहून येताना तो संच आणला आणि तुम्ही माझ्याकडून फक्त त्याची पावतीवरची रक्कम घेतलीत. कामाचे, ॲसिटोनचे, सहा रविवारांचे पैसे विचारले तर तुम्ही चहा मागितलात.

बॅटरी आणि रिमोट नवे घेतले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोट कपाटात आहे, त्याची लांब अँटेना अजून सरळ आहे. बाबांनी ठिगळ लावलेलं टायर, फुटलेलं रिम आणि ती कडक टायरं तुम्ही दिलेल्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी बांधून. गाडी आता नुसती ठेवत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोटाखाली लाकडाचा ठोकळा देते, म्हणजे टायरांवर वजन राहत नाही आणि ती एका बाजूला चपटी होत नाहीत.

गेल्या शनिवारी दादा नाशिकहून आला. सोसायटीच्या मागे बांधकामाची वाळू पडली आहे, तिथे गेलो. रिमोट त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा त्याने गाडी अगदी हळू चालवली, जणू काही खाली बाळ आहे. मग वाळूच्या ढिगावर चढवली. मागची टायरं वाळू उडवत चढली, वर क्षणभर थांबली, आणि पलीकडे उतरली. दादा पन्नाशीचा माणूस, पण तो "चढली गं!" असं ज्या आवाजात ओरडला तो आवाज मी १९८६ नंतर ऐकला नव्हता. माझ्या लेकीने मग रिमोट ओढून घेतला आणि आम्हा दोघांना अंधार पडेपर्यंत परत मिळाला नाही. घरी आल्यावर मोटरला हात लावून पाहिला. कोमट होती, गरम नव्हती.

काका, तुमचा व्हर्नियर अजून माझ्याकडे आहे. या रविवारी जुन्या बाजारात घेऊन येते, नेहमीच्या चहावाल्यापाशी. लेक आणि गाडी दोघी सोबत असतील. लेकीला मोजायला शिकायचंय, ते तुम्हीच शिकवा. बॅटरी रात्री चार्जिंगला लावून ठेवते.

तुमची,
सिंहगड रोडची टायरवाली
(तुम्ही फोनमध्ये माझं नाव असंच साठवलंय, ते मी पाहिलंय आणि मला ते फार आवडलंय.)