पुस्तक शेवटी उघडायचं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सनावळ्या पाठ करून घेतोस, मुलं पेपरात नीट लिहितात आणि पंधरा दिवसांत सगळं विसरतात, हे वाचून नवल वाटलं नाही. पण त्या मुलीचा प्रश्न मनात राहिला. "सर, मेलेल्या माणसांचं आपण का शिकायचं?" तुला उत्तर सुचलं नाही म्हणून तू खजील झालास. मला तर वाटतं, वर्षभरात तुझ्या वर्गात विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. फोनवर बोललो असतो तर अर्धंच राहिलं असतं, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

आधी मुद्द्याचं सांगतो. आपण मुलांना उत्तरं आधी देतो, आणि प्रश्न धडा संपल्यावर, स्वाध्यायात. इतिहासाच्या तासाला हे उलटं करून बघ. आधी हातात पुरावा दे, त्यांना तर्क लढवू दे, चुकू दे, आपसांत भांडू दे, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी उघड. मला हे उमगायला बरीच वर्षं लागली. त्याआधी माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची आठवण झाली की अजून हळहळ वाटते.

सुरुवात कचऱ्याच्या टोपलीने कर. मी खरंच सांगतोय. दुसऱ्या एखाद्या वर्गातली दिवसभराची टोपली आण, टेबलावर वर्तमानपत्र पसर आणि त्यावर ती थराथराने हलकेच रिकामी कर. वरचं वर आणि खालचं खाली राहील असं बघ, कारण तळाशी आहे ते आधी पडलेलं असतं. उत्खननातही याच हिशोबाने थर वाचतात. मग फळ्यावर एकच ओळ लिही: या वर्गात काल काय घडलं? माझ्या मुलांना तळाशी पेन्सिलीची टरफलं मिळाली, त्यावर चुरगाळलेले चौकटीचे कागद आणि अगदी वर रंगीत कागदाच्या चिंध्या. "आधी गणित, मग हस्तकला," एकाने लगेच निकाल दिला. दुसरा म्हणाला, टरफलं इतकी आहेत म्हणजे चाचणी असणार. वाद चांगला रंगला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "पण सर, यात फक्त टाकलेलं आहे. जे त्यांनी जपून घरी नेलं, ते आपल्याला कधीच दिसणार नाही." वर्ग एकदम गप्प झाला. पुरावा अपुरा असतो हे मी तासभर घसा कोरडा करून सांगितलं असतं, तरी इतकं पोचलं नसतं. त्या दिवशी मी पुढे काहीच शिकवलं नाही. तीच चर्चा घंटा होईपर्यंत चालू दिली.

दुसरा तास नकाशाचा. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पटकीची साथ आली, आणि डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते नकाशावर मांडलं. साथ 'वाईट हवे'मुळे पसरते, असं तेव्हा बहुतेक जाणती माणसं मानत होती. मुलांना तो नकाशा दे, पण रोग कशाने होतो ते सांगू नकोस. पाण्याचे पंप कुठे होते तेवढं दाखव. खुणा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसतात, त्यामुळे "पाणी!" असा ओरडा लगेच होईल. इथे थांबू नकोस, खरी मजा पुढे आहे. त्यांना म्हण, घाण हवासुद्धा तिथेच साचली असेल, मग पाणीच कशावरून? आता एकेक चिठ्ठी वाटायला लाग. जवळच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या संस्थेत, पाचशेहून जास्त माणसं राहत होती आणि त्यातली अगदी मोजकी दगावली. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र मेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. ही शेवटची चिठ्ठी वाचली जाते तेव्हा मुलांचे चेहरे बघ. हवा काही बाटलीत भरून हॅम्पस्टेडला गेली नव्हती.

मग पंपाचा दांडा काढून टाकला, हे पुस्तकात असतं. त्यापुढचंही सांग: दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि हे खुद्द स्नो यांनीच नोंदवलं आहे. आपल्या यशाची गोष्ट इतक्या सहज आणखी मोठी करता आली असती, पण त्यांनी ती केली नाही. मुलांना हे कळायला हवं असं मला फार वाटतं.

तिसरा तास दोन कागदांचा. न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राजसत्ता आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात वैतांगीचा करार झाला. इंग्रजी मसुद्यात माओरी प्रमुखांनी सार्वभौमत्व दिल्याचं लिहिलं आहे. माओरी मसुद्यात त्या जागी जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'कारभार' याच्या जवळ जातो, आणि आपल्या जमिनींवरचा व गावांवरचा प्रमुखांचा अधिकार त्यांच्याकडेच राहील असंही आहे. पाचशेहून जास्त प्रमुखांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी मसुद्यावर. अर्ध्या वर्गाला एका मसुद्याचा सोपा सारांश दे, अर्ध्याला दुसऱ्याचा, आणि दोन्ही मसुदे वेगळे आहेत हे सांगूच नकोस. नंतर एकच प्रश्न विचार: आता या जमिनीवर शेवटचा शब्द कोणाचा? दोन्ही बाजू तावातावाने बोलू लागतील आणि शेवटी कोणीतरी म्हणेल, "तुझा कागद दाखव." त्या वाक्याची वाट बघ, घाई करू नकोस.

नागरिकशास्त्र रटाळ वाटतं अशी तुझी तक्रार आहे. तिथेही एका शब्दावर पूर्ण तास निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'ऑल मेन' असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि त्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला. जुनी ओळ फळ्यावर लिही आणि विचार, यातून कोण बाहेर राहिलं? मग वर्गाचे स्वतःचे नियम काढ आणि त्यांनाही हाच प्रश्न लाव.

भूगोलासाठी एक फाटका रबरी चेंडू पुरतो. तो कापून बाकावर सपाट करायला सांग, कुठेतरी ताणावाच लागतो. मग नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं का दिसतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

आता एक चूक सांगतो, तुझ्या हातून ती होऊ नये म्हणून. अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार शिकवताना मी वर्गात खडूने जहाजातली जागा आखली आणि मुलांना त्यात दाटीवाटीने आडवं केलं. त्यांना ते दुःख जाणवेल असं वाटलं होतं. निम्मी मुलं खिदळायला लागली. एक मुलगी मात्र उठली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिचे हात थरथरत होते. तो खेळ मी तिथेच थांबवला आणि संध्याकाळी तिच्या आईवडिलांची माफी मागितली. कोणाचा छळ वर्गात अभिनयाने दाखवू नये. हसणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि ज्याला कळतं त्याला जखम होते. आता मी 'ब्रूक्स' या जहाजात गुलामांना कसं खचाखच भरत ते दाखवणारं चित्र समोर ठेवतो, १७८८ मध्ये गुलामीच्या विरोधकांनी छापलेलं. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग विचारतो, हे कोणी छापलं, कशासाठी, आणि यात एकाही माणसाचं नाव का नाही? त्यानंतर स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउदा इक्वियानोने १७८९ मध्ये छापलेल्या आत्मकथनातला एक उतारा वाचतो. चित्रात निनावी राहिलेला माणूस तिथे स्वतःच्या तोंडाने बोलतो.

पोर्शन कसा पूर्ण होणार, हे तू विचारणारच. दर आठवड्याला असा एकच तास ठेव. बाकीचे धडे नेहमीसारखे घे, ते वेगाने सरकतात असा माझा अनुभव आहे, कारण मुलं मधेच "हे कशावरून?" असं विचारायला लागतात आणि ऐकलेलं धरून ठेवतात. पाठटाचणाच्या वहीत 'उद्दिष्ट' या रकान्यात तोच प्रश्न लिही. आणि पेपर तपासताना चुकीच्या निष्कर्षाला पुराव्याचा आधार दिला असेल, तर त्याचे गुण कापू नकोस. निदान थोडे तरी दे.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. तू उत्तर देऊ नकोस. सोमवारी टोपली तिच्याच हातात दे आणि तिलाच आधी हात घालू दे. शेजारच्या वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेव, नाहीतर टोपली सकाळीच रिकामी होते. माझं दोनदा तसं झालं आहे. तळाशी काय निघालं आणि त्यावरून ती काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत जसंच्या तसं मला लिहून पाठव. वाट पाहतो.

तुझा मित्र