शेवटच्या रांगेत काय ऐकू येते?

महोदय,

विद्यापीठांची व्याख्यानगृहे ‘स्मार्ट’ होत असल्याच्या बातम्या आपल्या पत्रात अधूनमधून वाचतो. मोठा पडदा, बोटाने चालणारा फळा, हजेरी घेणारा कॅमेरा. या यादीत कानाची सोय मात्र सहसा नसते. मी अशाच सभागृहांमधली ध्वनियंत्रणा सांभाळतो आणि व्याख्यान चालू असताना माझी जागा शेवटच्या रांगेमागे, मिक्सरपाशी असते. त्यामुळे जिथे प्राध्यापक कधी बसत नाहीत, आणि खरेदी समिती तर नाहीच नाही, तिथून मी बरेच विषय ऐकले आहेत. निदान ऐकायचा प्रयत्न तरी केला आहे.

मागे बसणारी मुले गप्पा मारतात, ही जुनी तक्रार. पण मी त्यांच्याच मागे बसतो, म्हणून सांगतो. बोलण्यातला जोर असतो स्वरांत आणि अर्थाचा बराच भार असतो व्यंजनांवर. स, त, फ यांसारखे बारीक आवाज पंख्याच्या नाहीतर एसीच्या घरघरीत सर्वांत आधी बुडतात. प्राध्यापक ‘साठ’ म्हणतात, मागे ‘आठ’ पोचते. मुलगा शेजारणीला विचारतो, ‘आठ की साठ?’ ती सांगेपर्यंत दोघांचेही पुढचे वाक्य निसटलेले असते, आणि व्यासपीठावरून दिसतात ती दोन बोलणारी तोंडे. ज्यांना थोडे कमी ऐकू येते ते ओठांकडे बघून भरून काढतात. पण सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की तेही संपले.

यावर हमखास उपाय म्हणून मला खूण होते, आवाज वाढवा. गुळगुळीत भिंती, काचा आणि फरशी असलेल्या सभागृहात आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडतच राहते, फक्त आता मोठ्याने. हे काही नवे ज्ञान नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नाही, म्हणून भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्यावर ते काम सोपवले गेले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यातून सूत्र निघाले. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका आवाज जास्त रेंगाळतो आणि आवाज पिणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका लवकर विरतो. बोलण्यासाठी हा काळ साधारण एक सेकंदाच्या आत असावा. आजचे कुठलेही नवे व्याख्यानगृह नकाशावर असतानाच हा हिशेब मांडता येतो. मांडला जात नाही, एवढेच. मग उद्घाटनानंतर मला बोलावतात.

आधी मागची भिंत हाताळावी. तिच्यावर आपटून उशिरा परतणारा आवाज पुढच्या रांगांना आणि खुद्द बोलणाऱ्यालाही सतावतो. तिथे आणि छताच्या मागच्या भागात सच्छिद्र पॅनेल व त्यामागे जाड ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर) लावावे. व्यासपीठावरचे छत मात्र टणकच राहू द्यावे, कारण आवाज मागे ढकलायला ते मदत करते. हौसेने सगळीकडे पातळ फोम चिकटवला की नेमके ते बारीक आवाजच शोषले जातात आणि जाडा घुमारा तसाच राहतो. (अंड्यांचे ट्रे लावा, असे सुचवणारा एकजण प्रत्येक बैठकीत असतो. कृपया नको.) स्पीकर भिंतींकडे नव्हे, माणसांकडे वळलेले हवेत. लांबट सभागृहात मागे जादा स्पीकर लावले तर त्यांचा आवाज काही मिलिसेकंद थांबवून सोडावा लागतो. कारण पुढच्या स्पीकरचा आवाज मागे उशिरा पोचतो; ध्वनीला १७ मीटर जायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. एवढ्या फरकाने तोच शब्द दोनदा आला की कानाचा गोंधळ उडतो.

आता माइक. ‘मला माइक लागत नाही, माझा आवाज खणखणीत आहे,’ असे म्हणणारे प्राध्यापक मला मनापासून आवडतात, पण त्यांच्या तासाला मागच्यांचे हाल होतात. ते विचारतात, ‘मागे ऐकू येतेय ना?’ हा प्रश्न ज्यांना ऐकू येतो, तेच ‘हो’ म्हणतात. शिवाय तासाचे रेकॉर्डिंग हवे असते! कॉलर माइक लावला नाही तर रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचे व्याख्यान ऐकू येते.

हल्ली सांगितले जाते की नुसते व्याख्यान पुरे नाही, मुलांना आपसांत चर्चा करू द्या. बरोबरच आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांवरच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. पण घुमणाऱ्या सभागृहात दोनशे जण एकदम बोलू लागले की जो तो शेजाऱ्याला ऐकू जावे म्हणून आवाज चढवतो, आणि दोन मिनिटांत नुसता गलका उरतो. असा प्रयोग एकदा फसला की प्राध्यापक पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि दोष पद्धतीवर ढकलला जातो.

बिनपैशाच्या दोन गोष्टीही आहेत. पुढच्या बाकावरच्या मुलीने प्रश्न विचारला तर उत्तर देण्याआधी तो माइकवर पुन्हा सांगावा; मागे आम्ही कितीदा तरी नुसती उत्तरेच ऐकतो. आणि आपण प्रश्न विचारला तर थांबावे. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांत मोजले, तर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत; तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. शेवटच्या रांगेत तर प्रश्न नीट कळायलाच पहिला सेकंद जातो.

खरेदी समित्यांना एकच विनंती. कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्याआधी पंखे आणि एसी चालू ठेवून शेवटच्या रांगेत बसा. व्यासपीठावरून कोणीतरी एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास शब्द वाचावेत आणि तुम्ही ते कागदावर उतरवावेत. ती यादी मूळ यादीशी ताडून पाहा, आणि मगच सही करा.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)