सोळा लाखांचे सव्वाचौतीस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की खासगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सगळ्याच पेपरांत येतात, आपल्याही. त्यावर पेपर चालतो, तक्रार नाही. पण त्या जाहिरातीत चार वर्षांचा एकूण खर्च कधी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

लालबागच्या एका पतपेढीत मी २६ वर्षं कर्जखातं सांभाळतो. पूर्वी अर्जावर कारण असायचं लग्न, नाहीतर गावच्या घराचं छप्पर. आता असतं 'मुलाची फी', आणि जामीनदार मुलाचा काका. दोन वर्षांनी काकाच्या पोराची वेळ येते, तेव्हा जामीनदार उलटे.

यंदा पाळी माझी. मुलीला इंजिनीअरिंगसाठी माटुंग्याचं व्हीजेटीआय कॉलेज मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. १८८७ पासूनच्या त्या नावाला जाहिरात लागत नाही. ते हुकलं. उरले दोन पर्याय : कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, नवी मुंबईतलं एक मध्यम कॉलेज, किंवा पनवेलपलीकडचं एक खासगी विद्यापीठ, फी वर्षाला ४ लाख, हॉस्टेल वेगळं.

विद्यापीठाच्या सेमिनारला आम्ही तिघं गेलो. पडद्यावर 'हायेस्ट पॅकेज', म्हणजे सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा, आणि एका हसऱ्या मुलाचा फोटो. मी विचारलं, शंभर मुलं पगाराप्रमाणे रांगेत उभी केली तर पन्नासाव्याला किती मिळतात? कौन्सेलर म्हणाल्या, "सर, आधी चहा घ्या ना." चहा चांगला होता.

घरी येऊन कॅल्क्युलेटर घेतला. ४ वर्षांचे १६ लाख, व्याज १० टक्के. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज २१ लाख ६० हजारांवर जातं. १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण २८,५०० रुपये, एकूण सव्वाचौतीस लाख. आणि पहिली नोकरी ३० हजारांची लागली तर पोरीने खायचं काय? शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. आमची काळाचौकीची खोली पागडीची, म्हणजे मालकी आमची नाही, ती कोण तारण घेणार? मग सासऱ्यांच्या दापोलीच्या जमिनीचा विषय निघाला आणि बायको उठून आत गेली.

याच हिशेबातली दुसरी बाजू त्या सेमिनारात कुणी उच्चारलीच नाही. आम्ही ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा आणि खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही. म्हणजे एकीकडे शून्य, दुसरीकडे १६ लाख. तरीही माझं मन दोन दिवस १६ लाखांकडेच ओढत होतं, हे कबूल करतो. 'मुलगी अमक्या युनिव्हर्सिटीत' असं चाळीत सांगायला बरं वाटलं असतं.

कॅपचं कॉलेजही पाहून आलो. लॅबमधल्या निम्म्या कॉम्प्युटरवर अजून प्लास्टिकची टोपरं होती, आणि शिपायाने पंखा लावायला परवानगी विचारून येतो म्हणून सांगितलं. मुलगी गाडीत म्हणाली, "बाबा, त्या विद्यापीठात नोकरी द्यायला कंपन्या येतात." तिचं चूक नाही. आमच्या मॅनेजरचा मुलगा आयआयएमला गेला, लाखोंचं कर्ज घेतलं आणि फेडून मोकळाही झाला. पण तिथे निवडच इतकी कडक, की आत शिरणारा मुळातच घासूनपुसून आलेला असतो. पैसे भरले की मिळणारी सीट ही वेगळी वस्तू, भाव मात्र तसाच लावतात.

शेवटी कॅपचं घेतलं. मुलीची धुसफूस अजून पुरती गेलेली नाही. कॉटन ग्रीनहून हार्बरने जाते, पास विद्यार्थी सवलतीचा. ती धाकट्याला सांगते की तुझ्या वेळी बाबा पैसे काढतील. काढीनही, आयआयटी किंवा व्हीजेटीआयच्या तोडीचं काही असेल तर.

सरकारकडे मागणी एवढीच : फी आकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने जाहिरातीतच पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च, रांगेतल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगार आणि कुठली सरकारी सवलत लागू नाही, हे छापणं सक्तीचं करा. टाइप पॅकेजच्या आकड्याएवढाच मोठा हवा.

– एक पालक, काळाचौकी, मुंबई