फुलं गळतात, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात बाबा मध्येच बोलतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, झोप लागते. माझ्याबद्दल एवढ्यावर भागवा. आता कुंड्यांकडे येते.

आई, टोमॅटो-मिरचीला फुलं येतात पण फळ न धरताच गळतात म्हणालीस, यात तुझी काही चूक नाही. पाणी कमी पडलेलं नाही, खतही नाही. दोष रात्रीचा आहे. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २१ अंश लागतं. रात्री २४ च्या वर राहू लागल्या आणि दुपार ३२-३५ च्या पुढे गेली की परागकण नीट तयार होत नाहीत, झालेच तर रुजत नाहीत. त्यात हवा दमट असली की ते चिकटून बसतात, सुटतच नाहीत. फूल दोन-चार दिवस वाट बघतं, देठाच्या गाठीपाशी पिवळं पडतं आणि तिथूनच तुटतं. झाड तरारलेलं, फुलांनी भरलेलं आणि फळ एक नाही, असं दिसतं ते यामुळे. अशा वेळी आपला हात खताच्या डब्याकडे जातो. तो आवर. नत्र वाढवलंस तर पालाच वाढेल.

मिरचीचंही दुखणं हेच, पण सगळ्या मिरच्या सारख्या नाहीत. ढोबळी मिरची सगळ्यात नखरेल, बारीक तिखट मिरची बरीच सोसणारी. टोमॅटोत चेरीसारख्या लहान फळांच्या जाती उकाड्यात निभावून नेतात. अर्धा किलोच्या एकेका टोमॅटोचे फोटो बघून बी मागवू नका. लहानात भागत नसेल तर ‘अर्का रक्षक’ बघा. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो दाद देत नाही. मात्र तो संकरित आहे, त्यामुळे त्याच्या फळातलं बी धरून पुन्हा लावलं तर तीच गुणवत्ता मिळणार नाही.

म्हणून हिशोब उलटा मांडायचा. वर्षातले कमी उकाड्याचे, कोरडे आठवडे कोणते ते धरा आणि पहिली फुलं त्यात येतील अशा बेताने मागे या. टोमॅटोचं बी आठवड्याभरात उगवतं, रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं, त्यानंतर चार-पाच आठवड्यांत फुलं. म्हणजे हवा उतरण्याच्या दोन महिने आधी बी पडलं पाहिजे. मिरची आळशी. उगवायलाच ८ ते १४ दिवस घेते, रोपाला ४० ते ४५ दिवस लागतात, तिला तीन महिने धरा. बी टाकताना बाहेर उकाडाच असणार, पाऊसही असेल, त्याचं काही नाही. रोपांना उकाडा चालतो, फुलांना चालत नाही. फक्त धो धो पाऊस थेट अंगावर नको. मिरचीची एक सोय आहे. ती बहुवर्षायु आहे. यंदाची वेळ टळली म्हणून उपटू नका. उकाड्यात खत थांबवा, नुसती जगवा. हवा उतरू लागली की एक तृतीयांश छाटा, ती पुन्हा फुलते. टोमॅटो एवढा उदार नाही.

आता इथली एक गोष्ट सांगते, त्यावर बाबा हसणार हे ठाऊक आहे. इथे लोक टोमॅटोच्या फुलांना दात घासायचा ब्रश लावतात. आपला साधा नव्हे, बॅटरीवर घूं घूं करणारा. सकाळी शहाणी-सुरती माणसं तो हातात घेऊन गॅलरीत उभी असतात आणि एकेका घोसाच्या देठाला लावून क्षणभर थांबतात. वेड लागलेलं नाही त्यांना. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच जागी असतात, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नाही. पण मधली ती पिवळी सुरळी म्हणजे बंद तोंडाची मीठदाणी. पराग आतल्या बाजूला सुटतात आणि हलवल्याशिवाय टोकाकडून बाहेर पडत नाहीत. उघड्यावर हे काम वारा करतो, नाहीतर भुंगा. भुंगा फुलाला लटकतो आणि पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवतो, की पराग भुरुभुरु खाली येतात. मधमाशीला ही कला येत नाही, म्हणून गॅलरीत मधमाश्या दिसल्या तरी टोमॅटोला त्यांचा फारसा उपयोग नाही. आडोशाच्या जागी वारा नाही, उंचावर भुंगा नाही, मग ब्रश. लावायचा तो फुलाला नाही, घोसाच्या देठाला, फुलांच्या मागच्या बाजूने. काळा कागद खाली धरलात तर पिवळी धूळ पडलेली दिसते. धूळ दिसली तर वेळ बरोबर. सकाळी फार लवकर दवाने सगळं ओलं असतं, दुपारी उकाड्याने पराग मेलेले, म्हणून दहाच्या आसपास, एक दिवसाआड. ब्रश नसला तर घोसाला बोटाने टिचकी मारा किंवा आधाराची काठी हलवा, काम होतं. ढोबळी मिरचीलाही झाड हलकेच हलवलेलं पुरतं. मात्र रात्री २६-२७ वर असताना ब्रश काय नि टिचकी काय, मेलेले पराग झाडून उपयोग नाही.

कुंडीबद्दल. टोमॅटोला २० लिटरपेक्षा लहान नको, वेलासारख्या वाढणाऱ्या जातीला ४० लिटर लागतात. मिरचीला १० ते १५ पुरतात. रंग पांढरा किंवा फिका. काळ्या प्लास्टिकच्या उन्हाकडच्या बाजूची मुळं दुपारी अक्षरशः शिजतात. काळीच असेल तर तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा.

तळाला विटांचे तुकडे आणि खडी घालण्याचा बाबांचा आग्रह आहे. बाबा, त्याने निचरा सुधारत नाही, बिघडतो. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरचा थर पुरता चिंब झाल्यावरच थेंब खाली सुटतो. म्हणजे जो चिंब थर कुंडीच्या बुडाशी राहिला असता तो खडीच्या उंचीइतका वर, मुळांत येऊन बसतो. या थराची जाडी मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उभी बरी. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, बस्स.

आत अंगणातली माती भरू नका. ती कुंडीत बसते, घट्ट होते आणि मर रोगाचे जिवाणूही सोबत आणते. धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चार भाग, मुरलेलं कंपोस्ट तीन भाग, भाताचं तूस किंवा परलाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे खडे) तीन भाग. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यात मीठ असतं. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून खोड वरच्या पानांपर्यंत पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची होती त्याच खोलीवर लावा.

भरलेली, भिजलेली २० लिटरची कुंडी १५ किलोच्या पुढे जाते. बाबा, ती तुम्ही उचलायची नाही. आधी चाकांच्या पाटावर रिकामी कुंडी ठेवा, मग भरा, म्हणजे पावसात आडोशाला ढकलता येईल. शेजारच्या मुलाला हाक मारा, त्यात कसला कमीपणा आहे? मी तिथे असते तर हे लिहावं लागलं नसतं, हे मलाही कळतं. सगळ्या कुंड्या एका ओळीत कठड्याला लावू नका, भार भिंतीच्या बाजूला राहू द्या आणि दोन टोमॅटोंत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. दमट हवेत झाडांना खत नंतर, वारा आधी. जमिनीपासून फूटभर खोडावर पान ठेवू नका, बगलफुटी बोटाएवढ्या झाल्या की खुडा. दुपारी बारा ते चार ३० ते ३५ टक्के सावलीची पांढरी जाळी बांधा. हिरवी दाट जाळी लावलीत तर झाड नुसतं उंच होईल.

पाणी सकाळी, बुंध्याशी, तळातून थोडं बाहेर येईपर्यंत. घड्याळ बघून नाही, बोट दोन पेरं आत घालून. दुपारी पानं मलूल दिसली आणि मिश्रण ओलं असलं तर पाणी घालू नका, संध्याकाळी ती आपोआप उठतात. उठली नाहीत आणि झाड हिरवं असतानाच कोसळलं तर बुंध्याजवळचं बोटभर खोड कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर. औषध नाही. झाड मिश्रणासकट टाका, त्या कुंडीत पुन्हा वांगं, मिरची, टोमॅटो नको.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो म्हणालीस, तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि बहुतेक वेळा कारण एकच, कुंडी एकदा ठणठणीत कोरडी, एकदा तुडुंब. कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर वर चढतं. अंड्याची टरफलं कुजायला महिनोन्‌महिने घेतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट तर घालूच नकोस, त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. वरून दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन घाल, खोडाला न टेकवता, आणि ओल सारखी ठेव.

खत: लावणीनंतर दहा दिवस काही नाही. मग आठवड्याला एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला १ ग्रॅम. कळ्या दिसल्या की ते थांबवून १३:०:४५ (यात स्फुरद नाही, पालाश जास्त), तेवढंच, आणि दर पंधरवड्याला कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एका डब्यात कालवू नका, स्फुरदाशी मिळून साका बसतो. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नुसतं भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढा. आणि हो, मी ‘केमिकल’ खाते म्हणून काळजी नको. झाडाची मुळं नायट्रेट घेतात ते शेणखतातून आलं तरी नायट्रेटच असतं. प्रमाण पाळलं की झालं, आणि मी ते पाळते.

मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळतात तो रोग, बघताना पान कुठे वळतं ते बघा. कडा वर, होडीसारख्या वळल्या तर फुलकिडे. खाली वळल्या आणि देठ लांबले तर कोळी (भिंतीवरचा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड). दोघांचं औषध वेगळं आहे. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी पानांच्या पाठीवर. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ३२ अंशांच्या वर मारलं तर पानं करपतात आणि तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नाहीच. टोमॅटोची पानं बारीक, पिवळसर आणि वर गुंडाळलेली दिसली, वाढ खुंटली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. जीव गुंतवू नका, पिशवी घालून उपटा.

टोमॅटो झाडावर लाल व्हायची वाट बघू नका. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट धरत नाही, पिवळट-नारिंगीच राहतो. बुडाला गुलाबी छटा दिसली की तोडा, घरात सावलीत पिकवा. चवीत फारसा फरक पडत नाही आणि जोराच्या पावसात फुटायचाही वाचतो.

पैसे सोमवारी पाठवले. दादाच्या लग्नाच्या हॉलचे आगाऊ त्यातूनच द्या, दागिन्यांना हात लावू नका आणि उरले तर परत पाठवायची भाषा नको. मी साखरपुड्याला येऊ शकत नाही, रजा लग्नालाच मिळणार आहे. दादाशी बोलले, तो रागावला नाही. निदान तसं म्हणाला. माझ्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस बरा दिसतो. नाही म्हणत नाही, पण पत्रिका जुळते म्हणून त्यांना होकार कळवू नका, आल्यावर समोरासमोर बोलू. बाबांच्या डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली हे मला काकूंकडून कळतं, तुमच्याकडून नाही, हे बरं नव्हे.

तुमची,
धाकटी

ता. क. कॅल्शियम नायट्रेट उघडं राहिलं तर हवेतली ओल ओढून त्याचं पाणी होतं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर ठळक नाव लिहा. पांढरे दाणे असतात, स्वयंपाकघरात ठेवू नका.